कोडगू : कावेरीच्या उगमाचा जिल्हा, त्याचे राजे आणि त्याची घरे

सह्यवाट (मूळ लेख)

स्नानाच्या वेळी म्हणायच्या श्लोकात 'नर्मदे सिन्धु कावेरि' असे शब्द येतात. लहानपणी आजोबांच्या तोंडून ते रोज ऐकले होते, पण गोदावरी आणि नर्मदा जशा ओळखीच्या वाटत, तशी कावेरी कधी वाटली नाही. नोकरीसाठी मैसूरला राहायला आलो आणि तेव्हा कळले की ही नदी घरापासून चार तासांच्या अंतरावर, कोडगू जिल्ह्यातल्या ब्रह्मगिरीच्या उतारावर उगम पावते. त्यानंतरच्या नऊ वर्षांत या जिल्ह्यात माझे अनेकदा जाणे झाले. कधी एका दिवसासाठी गेलो, कधी आठवडाभर राहिलो. मराठीत या भागाविषयी जे वाचायला मिळते ते बहुतेक 'कूर्ग' (कोडगूचे इंग्रजी नाव) नावाच्या थंड हवेच्या ठिकाणाविषयी असते, आणि धबधबा, हत्ती, कॉफीचा मळा इतक्यावर ते आटोपते. प्रत्यक्षात हा प्रदेश दोन शतकांहून अधिक काळ स्वतंत्र राज्य होता, स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे भारताचे एक वेगळे राज्य होता आणि आजही तो आपल्या रीतीभाती जिवापाड जपतो. त्याविषयी सविस्तर बोलता यावे म्हणून हा धागा काढत आहे.

आधी थोडा भूगोल. कोडगूचे क्षेत्रफळ ४१०२ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे तो गोव्यापेक्षा किंचित मोठा आहे. लोकसंख्या मात्र २०११ च्या जनगणनेनुसार साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. पूर्वेला मैसूर, उत्तरेला हासन, वायव्येला दक्षिण कन्नड आणि पश्चिमेला व दक्षिणेला केरळ अशा सीमा आहेत. जिल्ह्यात रेल्वे नाही. मंगळूरकडून येणारा रस्ता संपाजे घाट चढून मडिकेरीला येतो आणि कुशालनगरमार्गे मैसूरला उतरतो. केरळातल्या कन्नूरकडून येणारा माकुट्टा घाटातून विराजपेटला पोहोचतो. डोंगर आपल्याच सह्याद्रीचा आहे, पण येथे त्याचे रूप निराळे आहे. ताडियंडमोळ हे १७४८ मीटरचे शिखर आणि उत्तरेकडचा पुष्पगिरी ही दोन्ही आपल्या कळसूबाईहून उंच आहेत, परंतु काळ्या कातळाचे उभे कडे येथे फारसे दिसत नाहीत. दिसतात त्या गवताळ माथ्याच्या गोल टेकड्या आणि त्यांच्या घळींमध्ये दाटलेली शोला नावाची बुटकी रानं.

कावेरीचा उगम तलकावेरीला सुमारे १२७६ मीटर उंचीवर आहे. तेथे एक लहानसे चौकोनी कुंड आहे, आणि दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर, तूळ संक्रांतीच्या मुहूर्तावर, त्या कुंडातून पाणी उसळून येते अशी श्रद्धा आहे. त्याला तीर्थोद्भव म्हणतात. हजारो लोक आपापल्या कळशांतून ते पाणी घरी नेतात आणि आधी वडीलधाऱ्यांना देतात. दुसऱ्या दिवशी घरोघरी कणीपूजा होते. काकडीला किंवा नारळाला लाल रेशमी वस्त्र व दागिने घालून स्त्रिया कावेरीची पूजा करतात, आणि मला हा सोहळा तलकावेरीच्या गर्दीपेक्षा अधिक हृद्य वाटतो. कोडवा या येथल्या समाजातल्या स्त्रिया साडीच्या निऱ्या पाठीमागे घेतात, त्याचे कारणही कावेरीच आहे असे तेथे सांगतात: ती नदी होऊन वाहू लागली तेव्हा तिला अडवायला उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या निऱ्या तिच्या ओढीने मागे फिरल्या. तलकावेरीहून आठ किलोमीटर खाली भागमंडला येथे कावेरीला कन्निके आणि अदृश्य सुज्योती मिळतात असे मानतात, आणि तेथले भगंडेश्वराचे देऊळ तांब्याच्या उतरत्या छपरांचे, थेट केरळी घडणीचे आहे.

आता राजांविषयी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस किंवा सतराव्याच्या आरंभी इक्केरीच्या नायक घराण्यातला एक पुरुष जंगमाच्या वेषात मडिकेरीच्या उत्तरेला हालेरी येथे येऊन राहिला आणि पुढे त्याच्या वंशाने सारा प्रदेश आपल्या हाताखाली घेतला. राजे लिंगायत होते आणि प्रजेतला लढवय्या समाज कोडवांचा होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. राजाचे देव, भाषा आणि आहार प्रजेहून वेगळे होते, म्हणून राज्य टिकवण्यासाठी त्याला घराण्यांच्या प्रमुखांना बरोबर घेऊनच चालावे लागे. मुद्दुराजाने १६८१ मध्ये राजधानी हालेरीहून आजच्या मडिकेरीला आणली. तेथला किल्ला त्याने मातीचा बांधला, टिपूने तो दगडात उभारला, आणि आतला वाडा लिंगराजाने १८१२ ते १८१४ या काळात नव्याने बांधला. किल्ल्याच्या आवारात चुना-विटांचे पूर्ण उंचीचे दोन हत्ती आहेत, आणि इंग्रजांनी तेथेच बांधलेल्या सेंट मार्क चर्चमध्ये आता वस्तुसंग्रहालय आहे. लिंगराजानेच १८२० मध्ये ओंकारेश्वराचे देऊळ बांधले. मधोमध घुमट, चार कोपऱ्यांना चार मिनार आणि समोर मोठे तळे अशी त्याची रचना पाहून पहिल्यांदा येणारा माणूस क्षणभर थबकतो. गावाच्या टोकाला राजांच्या समाध्या आहेत, त्यांना गद्दिगे म्हणतात, आणि त्यांनाही असेच घुमट आहेत.

राजांच्या या सगळ्या खुणा पाहायला एक सकाळ पुरते. मला जे सांगायचे आहे ते याच्या पुढचे आहे. हालेरीचे राजे गेले, हैदर आणि टिपू येऊन गेले, इंग्रजही गेले. कोडगूत जे टिकून राहिले ते घराणे, आणि त्या घराण्याचे मूळ घर. कोडवांमध्ये एका मूळ पुरुषापासून झालेल्या कुळाला ओक्क म्हणतात, आणि प्रत्येकाच्या नावाआधी त्याच्या ओक्काचे नाव असते. त्या कुळाच्या मूळ घराला ऐनमने म्हणतात. दोन्ही बाजूंना मातीच्या उंच बांधांची एक अरुंद वाट, ओणी, तेथवर नेते. पुढे दगडी पायऱ्या, कोरीव खांबांचा सोपा, त्या खांबांमध्ये बसवलेली आणि केवळ ज्येष्ठांनी बसायची ऐमर नावाची रुंद फळी, आणि आत ज्या दिवघरात कुळाचा दिवा पेटतो ते नेल्लक्की नडुबाडे. जवळच कैमड नावाचे पूर्वजांचे छोटे देवघर असते. आज अनेक ऐनमने वर्षभर बंद असतात, कारण कुटुंबे बंगळूरला किंवा परदेशी गेली आहेत. तरीही नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पुत्तरीच्या सणाला, नवे भात घरात आणायच्या रात्री, सारे ओक्क तेथेच जमते. लग्नातही कोडवांकडे पुरोहित नसतो. वडीलधारी माणसे तांदूळ टाकून आशीर्वाद देतात आणि पाहुण्यांच्या पक्षाचे पुरुष केळीचे खांब एका घावात तोडून आपला मान मिळवतात.

जमिनीचीही अशीच कथा आहे. राजाच्या लष्करी सेवेच्या बदल्यात कुळाला वंशपरंपरेने मिळालेल्या, अल्प साऱ्याच्या जमिनीला जम्मा म्हणत. ती विकता येत नसे आणि ती एका माणसाची नव्हे, ओक्काची असे. खाचरातले भातशेत आणि त्याला जोडलेले वरच्या अंगाचे रान, म्हणजे बाणे, अशी तिची जोडी असे. या लष्करी चाकरीमुळेच १८६१ च्या सुमारास इंग्रजांनी देशभर शस्त्रे काढून घेतली तेव्हा कोडवांना सूट मिळाली, आणि ती सूट आजही कायम आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली. सप्टेंबरच्या आरंभी कैलपोळ्द या सणाला घरातल्या बंदुका आणि कोयत्यांसारख्या ओडिकत्तींना फुले वाहतात.

कोडगूला 'भारताचे स्कॉटलंड' म्हणण्याची जी रीत पडली आहे ती मला मनापासून खटकते. या प्रदेशाला ओळख सांगण्यासाठी दुसऱ्या देशाचे नाव उसने घ्यावे लागावे, इतका तो गरीब नाही. जाणकारांनी भर घालावी, चुका दाखवाव्यात.

तोफेचा गोळा

सह्यवाट, लेख फार चांगला झाला आहे. आपल्या सैनिकी इतिहासाचा या जिल्ह्याशी जो थेट संबंध आहे, तो मांडतो.

१७९१ मध्ये टिपूविरुद्धच्या युद्धात श्रीरंगपट्टणवर तीन दिशांनी चाल होत होती. कॉर्नवॉलिस पूर्वेकडून आला होता, हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा उत्तरेकडून येत होत्या, आणि अॅबरक्रॉम्बीची मुंबई फौज मलबारच्या किनाऱ्यावरून कोडगूचे घाट चढून पिरियापट्टणपर्यंत आली होती. घाटांवरून तोफा ओढून नेणे कोडगूचा राजा दोड्ड वीरराजेंद्र याच्या माणसांच्या व गुराढोरांच्या मदतीवाचून शक्य झाले नसते. त्या मे महिन्यात पाऊस, रोगराई आणि उपासमार यांमुळे कॉर्नवॉलिसला माघार घ्यावी लागली, अॅबरक्रॉम्बीही तोफा टाकून परत घाट उतरला. माघारीच्या वाटेवर मराठी फौजा येऊन मिळाल्या तेव्हा त्यांच्या बाजारातल्या धान्यावर इंग्रजी फौज जगली.

दुसरा प्रसंग अधिक जवळचा आहे. १७९९ च्या अखेरच्या युद्धात मुंबई फौज जनरल स्टुअर्टच्या हाताखाली पुन्हा त्याच वाटेने आली. ६ मार्चला कोडगूच्या पूर्व सीमेवर सिद्धेश्वर नावाच्या टेकडीपाशी तिच्या आघाडीच्या तुकडीवर टिपूने स्वतः हल्ला केला. दाट झाडीत कित्येक तास तीन देशी पलटणींनी मोर्चा सोडला नाही, आणि मागून कुमक आल्यावर टिपूला परतावे लागले. दोड्ड वीरराजेंद्र त्या दिवशी तेथे हजर होता. इंग्रजांनी या ठिकाणाचे नाव 'सीडासीर' असे लिहिले, आणि हा रणसन्मान पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीकडे वारशाने आला. बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या सन्मानांच्या यादीत वाचलेले ते विचित्र नाव कोडगूच्या एका टेकडीचे आहे हे कळले तेव्हा मला फार समाधान वाटले होते.

शिलालेख

लेख आवडला, पण दोन ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते. 'हैदर आणि टिपू येऊन गेले' या एका वाक्यात कोडगूच्या दृष्टीने सर्वांत मोठी जखम आटोपली आहे. १७८५ च्या सुमारास टिपूने कोडवांना मोठ्या संख्येने कैद करून श्रीरंगपट्टणला नेले, अनेकांचे धर्मांतर केले आणि मडिकेरीच्या किल्ल्याला जाफराबाद असे नाव दिले. नेलेल्या माणसांचे आकडे जुन्या लेखनात इतके वेगवेगळे आहेत की एकही निःशंकपणे सांगता येत नाही, पण घटना घडली याविषयी दुमत नाही. भागमंडलाजवळ देवटिपरंबू येथे आजही मृतांचे स्मरण केले जाते.

दुसरे म्हणजे अखेरच्या राजाविषयी आपण काहीच लिहिले नाही. १८३४ ची कथा या इतिहासाचा गाभा आहे असे मला वाटते.

सह्यवाट

शिलालेख, पहिला आक्षेप पूर्णपणे मान्य आहे. लेख लांबेल या भीतीने ते एका वाक्यात गुंडाळले, तसे करायला नको होते. त्या काळाची एक आठवण तेथल्या मातीत वेगळ्या रीतीने उरली आहे. दोड्ड वीरराजेंद्र स्वतः पिरियापट्टणच्या किल्ल्यात कैदेत होता. डिसेंबर १७८८ मध्ये तो तेथून निसटला आणि त्याने पुन्हा राज्य उभे केले. १७९० मध्ये त्याने कंपनीशी करार केला, आणि तोफेचा गोळा यांनी सांगितलेली घाटातली मदत त्यातूनच झाली. अॅबरक्रॉम्बीशी झालेल्या भेटीच्या स्मरणार्थ त्याने वसवलेले गाव म्हणजे आजचे विराजपेट. ताडियंडमोळच्या पायथ्याशी, काक्कबेजवळ, १७९२ ते १७९४ या काळात त्याने नालकनाडचा वाडा बांधला. तो दुमजली, लाकडी खांबांचा, अगदी साधा वाडा आहे. रानात इतका आत आहे की शत्रू येण्याआधी राजाला त्याची चाहूल लागावी.

१८३४ विषयी आपणच लिहावे अशी विनंती.

शिलालेख

विनंती स्वीकारतो.

दोड्ड वीरराजेंद्राला मुलगा नव्हता. १८०९ मध्ये तो वारला तेव्हा त्याने मुलगी देवम्माजी हिला गादी द्यायची इच्छा ठेवली होती. तिचा चुलता लिंगराज याने १८११ मध्ये सत्ता घेतली, आणि १८२० मध्ये त्याचा मुलगा चिक्क वीरराजेंद्र गादीवर आला. हा राजा क्रूर होता, त्याने स्वतःच्या नातलगांची हत्या करवली, असे इंग्रजी कागदपत्रे सांगतात. हत्या झाल्या हे खरे आहे. पण जे राज्य आपल्याला घ्यायचे आहे त्याच्या राजाचे दुर्गुण तपशिलाने लिहून ठेवायचे, हा कंपनीचा त्या काळातला नेहमीचा परिपाठ होता, हेही विसरता कामा नये. राजाची बहीण आणि तिचा नवरा इंग्रजांच्या आश्रयाला गेले, राजाने त्यांना परत मागितले, आणि एप्रिल १८३४ मध्ये इंग्रजी फौजा अनेक बाजूंनी कोडगूत शिरल्या. उत्तरेकडे सोमवारपेटच्या बाजूला बक्क येथील कडंगापाशी त्यांना जबर मार बसला. कडंग म्हणजे खोल चर आणि मातीचा बांध यांची संरक्षक रेषा. सबंध कोडगूत अशा जुन्या कडंगांचे जाळे आहे आणि रानात फिरताना ते आजही पायाखाली येतात. सैनिक लढायला तयार असताना राजाने तहाची आशा धरली, नालकनाडच्या वाड्यात आश्रय घेतला आणि अखेर शरण आला. ७ मे १८३४ च्या जाहीरनाम्याने राज्य खालसा झाले. इंग्रजांच्या फौजेचा राजकीय प्रतिनिधी कर्नल फ्रेझर याच्यावरून कुशालनगरला पुढे बराच काळ फ्रेझरपेट म्हणत.

राजाला आधी वेल्लोरला आणि मग काशीला ठेवले. १८५२ मध्ये तो आपल्या गौरम्मा या मुलीसह लंडनला गेला, कारण कंपनीने अडकवलेल्या आपल्या पैशांसाठी त्याला तेथे दावा लावायचा होता. गौरम्माचा त्याच वर्षी बाप्तिस्मा झाला आणि राणी व्हिक्टोरिया तिची धर्ममाता झाली. दावा शेवटी फसला. राजा १८५९ मध्ये लंडनमध्येच वारला आणि त्याचे दफन केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत झाले. एका इंग्रज अधिकाऱ्याशी लग्न झालेली गौरम्मा १८६४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी गेली. मडिकेरीच्या गद्दिगेत दोड्ड वीरराजेंद्र आणि लिंगराज यांच्या समाध्या आहेत, अखेरच्या राजाची मात्र नाही. ती उणीव तेथे उभे राहिल्यावर जाणवते.

कडेकपारी

या चर्चेत एक मोठी त्रुटी राहिली आहे. आतापर्यंत सगळे राजे आणि कोडवा यांच्याविषयीच बोलणे झाले. कोडगू जिल्ह्यात कोडवा बहुसंख्य नाहीत. येथे अरेभाषे नावाची कन्नडची बोली बोलणारे गौड आहेत, कोडवा तक्क बोलणारे पण कोडवा नसलेले अनेक छोटे समाज आहेत, मापिळा मुसलमान आहेत, आणि ज्यांच्या श्रमावर भातशेती व कॉफी उभी राहिली ते येरव, जेनु कुरुब आणि बेट्ट कुरुब हे आदिवासी आहेत.

राज्य खालसा झाल्यावर पहिले मोठे बंड झाले ते गौडांच्या पुढाकाराने. इंग्रजांनी अमर-सुळ्य आणि पुत्तूर हा घाटाखालचा प्रदेश कोडगूतून तोडून दक्षिण कन्नडला जोडला, आणि धान्यात घेतला जाणारा सारा रोख मागायला सुरुवात केली. रोख पैसा शेतकऱ्याच्या हाती नव्हताच. १८३७ च्या एप्रिलमध्ये बंडकऱ्यांनी थेट मंगळूर घेतले आणि सुमारे तेरा दिवस आपल्या ताब्यात ठेवले. बंडाचे एक पुढारी गुड्डेमने अप्पय्य गौड यांना ३१ ऑक्टोबर १८३७ रोजी मडिकेरीच्या किल्ल्यापाशी फाशी दिले. मडिकेरीत त्यांचा पुतळा आहे. १८५७ च्या वीस वर्षे आधीची ही घटना आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत मी कधी वाचली नाही.

येरवांविषयी लिहिताना मन जड होते. पिढ्यान्पिढ्या ते जमीनमालकांकडे वेठीने राबले. नागरहोळे हे पूर्वीच्या मैसूरच्या राजांचे शिकारीचे रान १९५५ मध्ये अभयारण्य आणि १९८८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. त्या रानातून बाहेर काढले गेलेले जेनु कुरुब आजही वनहक्क मागत आहेत. 'जेनु' म्हणजे मध. ज्यांच्या नावातच मध आहे त्या लोकांना मधासाठी रानात जायची परवानगी मागावी लागते. ऐनमनेच्या सौंदर्याबद्दल सह्यवाट यांनी लिहिलेले सगळे खरे आहे, पण त्या घराच्या कोरीव खांबांखाली कोणाचे हात होते तेही लिहिले पाहिजे.

सह्यवाट

कडेकपारी, आपण लिहिले ते योग्यच आहे आणि मूळ लेखात हे हवे होते. 'टिकले ते घराणे' असे मी म्हटले, त्यात जमीन असलेल्यांचेच घराणे टिकते हा अर्थ दडलेला आहे, आणि आपल्या प्रतिसादाने तो उघडा झाला.

मळेकरी

मी कॉफीच्या व्यवसायात बरीच वर्षे काढली आहेत, त्यापैकी काही सिद्धापूर आणि पॉलिबेट्टच्या बाजूला. कॉफीविषयी अजून कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

कोडगूत मोठ्या प्रमाणावर कॉफी लावली ती १८५० नंतर इंग्रज मळेवाल्यांनी. आज देशात सर्वांत जास्त कॉफी याच जिल्ह्यात होते, आणि त्यात रोबस्टा या जातीचा वाटा मोठा आहे. मळ्याचे वैशिष्ट्य असे की कॉफी उंच झाडांच्या सावलीत वाढते. सिल्व्हर ओक आणि फणस यांच्यासारख्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादा चांगला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत सारा मळा पांढऱ्या फुलांनी भरून जातो. त्या पावसाला ब्लॉसम शॉवर म्हणतात, आणि त्याची तारीख मळेवाला आयुष्यभर लक्षात ठेवतो. तो पाऊस आला नाही तर तुषार सिंचन करावे लागते आणि त्यासाठी ओढ्यांवर भार पडतो. अॅरेबिका या दुसऱ्या जातीला खोड पोखरणाऱ्या किडीचा मोठा त्रास आहे, म्हणून अनेकांनी ती काढून रोबस्टा लावली. नाजूक सालीची कोडगूची संत्री, जिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ती तर रोगराईने मळ्यांतून जवळजवळ दिसेनाशी झाली.

भाताची खाचरे ओस पडत आहेत, याची मला सर्वांत अधिक काळजी वाटते. भाताला मजूर मिळत नाहीत आणि कॉफीइतका पैसा येत नाही. पण खाचरात पावसाळाभर साठलेले पाणीच जमिनीत मुरत असे. ती खाचरे भरून तेथे घरे आणि पर्यटकांसाठी निवासस्थाने झाली की ते पाणी कोठे जाणार?

पावसाळी

मळेकरी यांच्या शेवटच्या प्रश्नाला धरून लिहिते. ऑगस्ट २०१८ मध्ये मडिकेरीच्या आसपासच्या टेकड्या खचल्या तेव्हा माझी मोठी बहीण तेथे होती. मक्कंदूर आणि जोडुपाल या बाजूंना सबंध उतार झाडांसकट खाली आले, मंगळूरचा रस्ता कित्येक आठवडे बंद होता आणि हजारो माणसे छावण्यांत राहिली. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२० मध्ये, खुद्द तलकावेरीजवळ ब्रह्मगिरीचा कडा कोसळला आणि देवळाच्या मुख्य पुजाऱ्यांचे घर गाडले गेले. माळीण आणि तळीये पाहिलेल्या आपल्या लोकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पाऊस असामान्य होता हे खरे. पण उतार कापून काढलेले सपाट चौथरे, पाण्याच्या जुन्या वाटा बुजवून केलेले रस्ते आणि टेकडीच्या माथ्यावरचे बांधकाम यांनी त्या पावसाला वाट करून दिली, असे ताईने स्वतः पाहिलेल्या तीन ठिकाणांबद्दल सांगितले.

एक आशेची गोष्टही लिहिते. आपल्या देवराईसारखी तेथे देवरकाडु आहेत, बाराशेहून अधिक. प्रत्येक गावाच्या देवरकाडूत एक देव आणि वर्षातून एक सण असतो, आणि एरवी तेथून काटकीही उचलायची नाही असा दंडक आहे. कॉफीच्या मळ्यांच्या मधोमध ही लहान रानं बेटांसारखी उभी आहेत. काहींवर अतिक्रमण झाले आहे, तरी एका छोट्या जिल्ह्यात इतक्या देवराया आजवर राहिल्या हे थोडे नाही.

तोफेचा गोळा

अवांतर नाही असे समजून दोन सेनानींचा उल्लेख करतो. फील्ड मार्शल के. एम. करिअप्पा यांचा जन्म २८ जानेवारी १८९९ रोजी कोडगूतल्या शनिवारसंते येथे झाला. १५ जानेवारी १९४९ रोजी ते भारतीय सैन्याचे पहिले भारतीय सरसेनापती झाले, आणि म्हणूनच तो दिवस सेनादिन आहे. जनरल के. एस. थिमय्या मडिकेरीचे. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये जोजिला खिंडीत रणगाडे चढवण्याचा धाडसी बेत त्यांचा होता. कोरियातल्या युद्धकैद्यांच्या आयोगाचे ते अध्यक्ष होते आणि १९६५ मध्ये सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे नेतृत्व करत असताना त्यांचे निधन झाले. मडिकेरीतले त्यांचे घर आता संग्रहालय आहे. किल्ला पाहिला नाही तरी चालेल, ते घर अवश्य पाहावे.

हॉकीचाही येथेच उल्लेख करतो. १९९७ मध्ये करडा या गावी पांडंड कुट्टप्पा यांनी ओक्कांच्या संघांची स्पर्धा सुरू केली तेव्हा ६० संघ आले होते. अलीकडच्या वर्षांत तीनशेहून अधिक येतात. दरवर्षी एक घराणे यजमान असते. एकाच संघात आजोबा आणि नात खेळताना दिसतात.

नवखी

मी या विषयात नवीन आहे. स्वातंत्र्यानंतर कोडगू वेगळे राज्य होते असे सह्यवाट यांनी लिहिले आहे, ते कसे हे कळले नाही. शिवाय डिसेंबरमध्ये आईवडिलांना घेऊन चार दिवसांसाठी जायचा विचार आहे. ऐनमने परक्या माणसाला पाहता येते का? आणि आई शाकाहारी आहे, तिची सोय होईल का?

सह्यवाट

नवखी, इंग्रजांच्या काळात कोडगू चीफ कमिशनरच्या हाताखालचा स्वतंत्र प्रांत होता. राज्यघटना लागू झाल्यावर तो 'क' वर्गाचे राज्य झाला. १९५२ मध्ये २४ सदस्यांची विधानसभा निवडून आली आणि सी. एम. पूणच्चा मुख्यमंत्री झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत कोडगू मैसूर राज्यात विलीन झाला. ते वेगळेपण गेल्याची हळहळ जुन्या पिढीत अजून ऐकू येते.

चार दिवस असतील तर एक दिवस मडिकेरी, एक भागमंडला आणि तलकावेरी, एक काक्कबे, नालकनाडचा वाडा आणि पाडी इग्गुतप्पाचे देऊळ, आणि शेवटचा दक्षिणेकडे इरुप्पू येथे लक्ष्मणतीर्थ नदीकाठी घालवावा. आईवडिलांना तलकावेरीच्या वरच्या पायऱ्या जड जातील, त्या सोडल्या तरी काही बिघडत नाही. कुशालनगरजवळचे बैलकुप्पे, जेथे १९६१ पासून तिबेटी वसाहत आहे, ते मैसूर जिल्ह्यात येते, पण वाटेवरच असल्यामुळे थांबता येईल.

शाकाहाराची सोय होते. डुकराच्या मांसाची पंदी करी प्रसिद्ध असली तरी तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोळे, म्हणजे कडंबुट्टू, तांदळाची भाकरी अक्की ओट्टी, शेवयांसारखे नूपुट्टू आणि पावसाळ्यात कोवळ्या बांबूची भाजी हे सगळे घरोघरी असते. कचंपुळी नावाचा काळाशार आंबट अर्क आईंना नक्की ओळखीचा वाटेल, कारण तो आपल्या कोकमाच्याच जातीच्या फळाचा रस आटवून करतात.

ऐनमने पाहता येते, पण ते कोणाचे तरी राहते किंवा जपलेले घर आहे, प्रदर्शन नव्हे. मुक्कामाच्या घरच्या यजमानांना आधी विचारावे, त्यांनी त्या ओक्काच्या ज्येष्ठांना कळवले की बहुधा नकार येत नाही. डिसेंबरमध्ये पुत्तरीचे दिवस असतील तर घर उघडे मिळण्याचा संभव अधिक. गाडी ओणीच्या तोंडाशी सोडून चालत जावे, पादत्राणे अंगणाखाली काढावीत, आणि सोप्यावर बसायला सांगितले तर ऐमर सोडून बाजूच्या कट्ट्यावर बसावे. दिवघरात नेले तर दिव्याला नमस्कार करावा आणि छायाचित्र काढण्याआधी विचारावे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या घरच्या आजींनी दिव्याची वात पुढे सारली, माझे गाव कोणते आणि कुलदैवत कोणते ते विचारले, आणि मग आपल्या ओक्काच्या मूळ पुरुषापासून सुरुवात करून एकेक नाव सांगत दोन तास बसवून घेतले.